गाभा आपला; सांभाळ कोणाचा?

आपल्याकडे स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टीमची घोषणा अधूनमधून होत असते. २००७ साली ‘सी-डॅक’ने ‘बॉस’ ही प्रणाली प्रसिद्ध केली. २०२३ च्या जानेवारीत मद्रासच्या आयआयटीच्या आश्रयाने वाढलेल्या एका कंपनीने मोबाइल फोनसाठी ‘भारओएस’ लोकांसमोर ठेवली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये संरक्षण मंत्रालयाच्या संगणकांवर ‘माया’ नावाची प्रणाली बसविली जाणार असल्याचे वृत्त आले. अशा प्रत्येक वेळी स्वावलंबनाचा गौरव होतो आणि परकीय कंपन्यांचे जोखड दूर झाल्याचे समाधान व्यक्त केले जाते. त्यात गैर काही नाही. मात्र या तिन्ही प्रणालींच्या बुडाशी जो कर्नेल आहे, तो लिनक्सचाच आहे; आणि तो दर नऊ-दहा आठवड्यांनी बदलतो. तो बदलला की यंत्रांना चालविणारे त्यातील ड्रायव्हर बदलतात. हे बदल आपल्या प्रणालीशी जुळवून घेण्याचे काम कोण करणार, किती वर्षे करणार आणि त्याचा खर्च कोण सोसणार, हा प्रश्न घोषणेच्या दिवशी सहसा विचारला जात नाही. वास्तविक प्रणालीचे आयुष्य त्याच्याच उत्तरावर अवलंबून असते.

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. प्रोसेसरचा वेळ कोणाला किती द्यायचा, स्मृतीची वाटणी कशी करायची, डिस्कवर काय लिहायचे, याचा निवाडा तो करतो. पण डिस्क, छपाईयंत्र, कॅमेरा, वायफायची चिप, बोटाचा ठसा घेणारे यंत्र यांची भाषा त्याला स्वतःला येत नाही. प्रत्येक यंत्रासाठी एक दुभाषा लागतो. या दुभाष्याचे नाव ड्रायव्हर. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेला लिनक्सचा कर्नेल आज चार कोटी ओळींच्या घरात पोहोचला आहे, आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग या दुभाष्यांनीच व्यापलेला आहे. तेव्हा कर्नेलमधील बदल म्हणजे मुख्यतः ड्रायव्हरमधील बदल, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

होय, नाही आणि सुटा भाग

एवढा सगळा पसारा कोणत्याही एका यंत्राला लागत नाही. म्हणून कर्नेल बांधण्यापूर्वी हजारो प्रश्नांची उत्तरे एका फाइलमध्ये नोंदवावी लागतात. प्रत्येक ड्रायव्हरपुढे तीन पर्याय असतात: तो कर्नेलमध्येच बांधायचा, गरजेनुसार जोडता येईल असा सुटा भाग म्हणून ठेवायचा, किंवा अजिबात घ्यायचा नाही. ही उत्तरपत्रिका म्हणजेच त्या कर्नेलचे कॉन्फिगरेशन. जो कारखाना विजेचे मीटर बनवितो त्याला ध्वनीचे ड्रायव्हर नको असतात. जी संस्था गोपनीय काम करते तिला यूएसबीचे दार बंद ठेवायचे असते. ज्या उपकरणाची स्मृती तुटपुंजी आहे त्याला हलका कर्नेल हवा असतो. आपल्या गरजेपुरता कर्नेल बांधून घेण्याची ही मुभा हे लिनक्सचे मोठे बळ आहे. न वापरलेला ड्रायव्हर म्हणजे न वापरलेले पण उघडे राहिलेले दार, हे ध्यानात घेतले तर सुरक्षेच्या दृष्टीनेही ही काटछाट योग्यच ठरते.

घोटाळा होतो तो ही उत्तरपत्रिका एकदा लिहून कपाटात ठेवली जाते तेव्हा. नवी आवृत्ती आली की प्रश्न बदललेले असतात. काही नवे आलेले असतात, काहींची नावे बदललेली असतात, काही एकाचे दोन झालेले असतात, तर काही नाहीसे झालेले असतात. जुनी उत्तरपत्रिका नव्या प्रश्नांशी ताडून पाहण्याची सोय कर्नेलमध्येच आहे. एका आज्ञेने प्रत्येक नवा प्रश्न समोर येतो आणि माणसाला उत्तर द्यावे लागते. दुसऱ्या आज्ञेने सर्व नव्या प्रश्नांना ठरावीक उत्तरे आपोआप भरली जातात. पहिला मार्ग वेळखाऊ आणि कंटाळवाणा आहे, दुसरा क्षणात संपणारा. घाईच्या दिवसांत कोणता मार्ग निवडला जातो, हे सांगण्याची गरज नाही. तिसरीही एक सोय आहे. आज्ञा दिली त्या क्षणी यंत्रावर जे सुटे भाग वापरात असतील तेवढेच ठेवून बाकीचे गाळून टाकणारी. ती मोठी सोयीची आहे. पण ज्या दिवशी कर्नेल बांधला त्या दिवशी स्कॅनर जोडलेला नसला, तर स्कॅनरचा ड्रायव्हर त्या कर्नेलमध्ये येत नाही. दोष यंत्राचा नसतो, कर्नेलचाही नसतो. विचारलेच गेले नाही त्याचे उत्तर कोठून मिळणार?

गुपचूप गळालेली ओळ

नव्या प्रश्नापेक्षाही नाहीसा झालेला प्रश्न अधिक घातक असतो. त्याचे एक बोलके उदाहरण जुन्या आयडीई डिस्कच्या ड्रायव्हरांचे आहे. १९९० च्या दशकातील बहुतेक घरगुती व कार्यालयीन संगणकांच्या डिस्क याच जातीच्या होत्या. २००६ साली त्यांच्यासाठी नव्या घडणीचे ड्रायव्हर कर्नेलमध्ये आले. जुने ड्रायव्हर त्यांच्या शेजारी पुढे पंधरा वर्षे ठेवण्यात आले, आणि अखेर २०२१ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ५.१४ या आवृत्तीत ते काढून टाकण्यात आले. पंधरा वर्षांची ही पूर्वसूचना कोणत्याही मापाने उदारच म्हटली पाहिजे.

तरीही ज्याने जुन्या उत्तरपत्रिकेवर विसंबून नवा कर्नेल बांधला, त्याच्या वाट्याला काय येते हे पाहण्यासारखे आहे. जुन्या ड्रायव्हरची ओळ नव्या आवृत्तीला ओळखता येत नाही, म्हणून ती गळून पडते. तिच्याबद्दल प्रश्न विचारला जात नाही. नव्या ड्रायव्हरला पूर्वी ‘नाही’ असे उत्तर दिलेले असते, ते तसेच राहते. कर्नेल एकही चूक न दाखविता बांधून तयार होतो. यंत्र सुरू करावे तर मूळ डिस्कच सापडत नाही आणि कर्नेल जागच्या जागी हात टेकतो. नवा ड्रायव्हर घेतलेला असला तरी संकट टळते असे नाही. कारण जुन्या व्यवस्थेत डिस्कचे नाव ‘एचडीए’ होते, नव्या व्यवस्थेत ते ‘एसडीए’ झाले, आणि जागोजागच्या फाइलींत जुनेच नाव लिहिलेले राहिले. टेबलावरच्या संगणकापुढे निदान माणूस बसलेला असतो. डोंगरमाथ्यावरच्या मनोऱ्यात किंवा वीज-उपकेंद्राच्या पेटीत असलेल्या यंत्राचे असे झाले, तर माणसालाच तेथवर जावे लागते.

स्थैर्य कोणाला द्यायचे?

यावर एक रास्त प्रश्न विचारला जातो. कर्नेल आणि ड्रायव्हर यांच्यामधील बोलण्याची रीत एकदाची ठरवून का टाकत नाहीत? मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये ही रीत पुष्कळ अंशी टिकवून धरली आहे. मग लिनक्सलाच एवढा सोस का? याचे उत्तर लिनक्सच्या स्थिर आवृत्त्यांची धुरा वाहणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी एका टिपणात दिले आहे आणि ते टिपण कर्नेलच्या कागदपत्रांतच समाविष्ट आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: बाहेरच्या प्रोग्रॅमांशी कर्नेलचे जे बोलणे असते ते मोडायचे नाही, हा नियम कडक आहे, परंतु आतल्या आत ड्रायव्हरांशी जे बोलणे असते ते सुधारण्याचे स्वातंत्र्य राखलेच पाहिजे. यूएसबीची अंतर्गत व्यवस्था निदान तीन वेळा नव्याने रचावी लागली. जुनी रीत जपत बसले असते, तर तिच्यातील दोषही जपावे लागले असते. विंडोजमध्ये हे ओझे वाहण्यासाठी पगारी फौज आहे. लिनक्समध्ये ते ओझे कोणी वाहावे, हा प्रश्न आहे.

या स्वातंत्र्याबरोबर एक कर्तव्यही जोडलेले आहे, आणि तीच या व्यवस्थेची खरी किल्ली होय. आतली रीत जो बदलेल त्यानेच मुख्य कर्नेलमधील सर्व ड्रायव्हर त्या रीतीप्रमाणे दुरुस्त करून द्यायचे. २०२३ च्या ६.४ या आवृत्तीत ड्रायव्हर नेहमी वापरतात अशा एका फंक्शनमधून एक निरुपयोगी घटक काढून टाकण्यात आला. बदल एका शब्दाचा. मुख्य कर्नेलमधील ड्रायव्हरांत तो बदल करणाऱ्यांनीच करून दिला; ज्या कारखान्यांचे ड्रायव्हर तेथे होते त्यांना हात हलवावा लागला नाही. बाहेर ठेवलेले जे ड्रायव्हर ते फंक्शन वापरीत होते, ते मात्र त्या दिवशी बांधता येईनासे झाले. डेलमध्ये निर्माण झालेली ‘डीकेएमएस’सारखी व्यवस्था बाहेरचे ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नेलबरोबर आपोआप पुन्हा बांधते खरी, परंतु ती बांधते, दुरुस्त करीत नाही. रीतच बदलली असेल तर तिचाही इलाज चालत नाही.

ड्रायव्हर बाहेर ठेवणाऱ्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. मुख्य कर्नेलमध्ये प्रवेश सोपा नाही. तपासणी कठोर असते, कधी महिने लागतात, कधी वर्षे. तत्काळ प्रतिसादाची हमी देणारे प्रसिद्ध बदल सुमारे वीस वर्षे बाहेर सांभाळावे लागले आणि २०२४ साली ६.१२ या आवृत्तीत त्यांचा शेवटचा आवश्यक भाग आत आला. शिवाय व्यापारी गुपिते असतात, परवान्यांच्या अडचणी असतात. एनव्हिडिया या कंपनीच्या असहकारावर २०१२ साली फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात टोरवाल्ड्स यांनी सभ्यतेच्या मर्यादा सोडून टीका केली होती. त्याच कंपनीने २०२२ साली आपल्या कर्नेल-ड्रायव्हरांचा स्रोत खुला केला. दहा वर्षे लागली, पण पाऊल पडले. तेव्हा गुपिताची सबब पुष्कळदा सवयीची सबब असते, असे मानण्यास जागा आहे.

भुर्दंड ग्राहकाला

या दुर्लक्षाची किंमत सर्वांत ठळकपणे मोबाइल फोनमध्ये दिसते. गूगल लिनक्सचा कर्नेल घेऊन अँड्रॉइडसाठी त्यात बदल करणार, चिप बनविणारा कारखाना त्यात आपले ड्रायव्हर घालणार, फोन जुळविणारी कंपनी त्यावर आणखी थर चढविणार. अशा तीन हातांतून आलेला कर्नेल ग्राहकाच्या खिशात पोहोचेपर्यंत मूळ प्रवाहापासून दूर गेलेला असतो. चिपच्या कारखान्याने त्या चिपवरून लक्ष काढले की फोन कितीही धडधाकट असला तरी त्याचा कर्नेल पुढे सरकत नाही. पडदा चांगला, बॅटरी चांगली, पण ड्रायव्हर म्हातारे झाले म्हणून फोन टाकून द्यायचा, असा हा व्यवहार आहे. जुन्या वस्तूची निगा राखणाऱ्या आपल्या मध्यमवर्गीय घरांना तो उधळपट्टीचा वाटला तर नवल नाही.

यातून मार्ग निघतच नाही असेही नाही. नेदरलँड्समधील फेअरफोन या लहानशा कंपनीने २०१५ साली विकलेल्या आपल्या दुसऱ्या फोनला चिपच्या कारखान्याचा आधार संपल्यावरही नव्या आवृत्त्या पुरविल्या आणि २०२३ पर्यंत त्याला सांभाळले. गूगललाही चूक उमगली. २०१७ मध्ये अँड्रॉइडची आठवी आवृत्ती आणताना तिने कारखान्यांचा भाग वेगळा काढण्यास आरंभ केला. पुढे बाराव्या आवृत्तीपासून, ५.१० किंवा त्यापुढच्या कर्नेलवर निघणाऱ्या नव्या फोनांना सर्वांसाठी एकच सामाईक कर्नेल आणि कारखान्यांचे ड्रायव्हर सुटे भाग म्हणून, अशी व्यवस्था लावून दिली. जगातील धनाढ्य कंपनीलाही स्वतंत्र कर्नेलांचा गुंता परवडेनासा झाला, हा यातला धडा आहे.

दोन, सहा आणि दहा वर्षे

कोणी म्हणेल, सारखे बदलत का राहायचे? दीर्घ मुदतीची एक आवृत्ती धरावी आणि तिच्यावरच राहावे. सल्ला शहाणपणाचा आहे. मात्र त्यालाही कोणाचे तरी श्रम लागतात. २०१७ साली अशा आवृत्त्यांची मुदत दोनवरून सहा वर्षांपर्यंत नेण्यात आली. २०२३ साली ती पुन्हा दोन वर्षांवर आणण्याचे जाहीर झाले. कारण असे की जुन्या आवृत्त्या वापरणारे थोडे आणि त्यांची डागडुजी करणाऱ्यांची मात्र दमछाक होत होती. पुढे एखाद्या आवृत्तीची मुदत वाढतेही. पण ती वाढेल या भरवशावर रेल्वेचे सिग्नल किंवा विजेचे जाळे उभे करता येणार नाही. तेथे यंत्रांचे आयुष्य दशकांत मोजले जाते.

सीमेन्स, तोशिबा आणि हिताची या कंपन्यांनी हा विचार आधी केला. २०१६ साली लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली त्या अशा सार्वजनिक सुविधांच्या कर्नेलसाठी एकत्र आल्या. निवडक आवृत्त्या दहा वर्षांहून अधिक काळ सांभाळायच्या, खर्च वाटून घ्यायचा आणि कोणतीही सुधारणा आधी मुख्य कर्नेलमध्ये द्यायची, मगच स्वतःसाठी घ्यायची, हा त्यांचा दंडक आहे. बाजारात एकमेकींशी झुंजणाऱ्या कंपन्यांनी देखभालीपुरती हातमिळवणी केली ती परोपकारासाठी नव्हे. एकट्याने निभत नाही, हा हिशेब त्यांनी मांडला होता.

करारातच तरतूद हवी

भारत सरकारने २०१५ साली खुल्या स्रोताच्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. ते स्वागतार्हच होते. परंतु स्रोत खुला असणे आणि तो सांभाळणारा माणूस असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी खात्यासाठी उपकरणे खरेदी करताना निविदेत किंमत आणि हमीची वर्षे असतात. त्यांच्या जोडीला आणखी काही अटी घालणे अवघड नाही. प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरचा स्रोत आणि कर्नेलचे कॉन्फिगरेशन खात्याच्या ताब्यात असावे. ड्रायव्हर शक्य तेथे मुख्य कर्नेलमध्ये दाखल झालेला असावा. नसल्यास तो कधी आणि कोण दाखल करणार हे लिहून द्यावे. उपकरण वापरात असेपर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरविण्याची जबाबदारी नावानिशी निश्चित करावी. २०२४ च्या फेब्रुवारीपासून कर्नेलमधील सुरक्षादोषांना क्रमांक देऊन ते जाहीर करण्याचे काम कर्नेलचे लोक स्वतःच करीत आहेत. दोष जगजाहीर झाला आणि दुरुस्ती मात्र आपल्या स्वतंत्र कर्नेलला लागू पडत नाही, ही स्थिती दोष ठाऊक नसण्यापेक्षा वाईट आहे.

संरक्षणासारख्या क्षेत्रात सर्व काही उघड करता येणार नाही, हा आक्षेप खरा आहे. मात्र तेथेही गोपनीय असतात ते थोडे ड्रायव्हर. डिस्क, नेटवर्क आणि यूएसबीचे ड्रायव्हर सर्वांचे तेच असतात. गोपनीय भाग जितका लहान ठेवावा, तितका तो सांभाळणे सोपे. राहिला प्रश्न संस्थेच्या आतील शिस्तीचा. कॉन्फिगरेशनच्या फाइलीतील प्रत्येक बदल कोणी, कधी व कशासाठी केला याची नोंद ठेवावी. नव्या आवृत्तीचे नवे प्रश्न माणसाने वाचून त्यांची उत्तरे द्यावीत. जुन्या आणि नव्या फाइलींची तुलना करून कोणती ओळ गळाली हे पाहावे. आणि कर्नेल क्षेत्रात पाठविण्यापूर्वी वापरातील प्रत्येक जातीच्या यंत्रावर तो चालवून पाहावा, बिघडल्यास जुन्या कर्नेलवर परतण्याची वाट मोकळी ठेवून. यात चमकदार असे काही नाही. कारकुनी चोखपणा आहे, आणि तोच येथे उपयोगी पडतो.

प्रश्न उद्याचाही आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेवर आधारलेले प्रोसेसर देशात घडविण्यासाठी सरकारने एक कार्यक्रम हाती घेतला. सी-डॅकचे ‘वेगा’ आणि मद्रासच्या आयआयटीचे ‘शक्ती’ हे प्रोसेसर त्याच वाटेवरचे आहेत. स्वतःचा प्रोसेसर म्हणजे स्वतःचे ड्रायव्हर लिहिणे आलेच. ते आपल्याच कोठारात ठेवून प्रत्येक आवृत्तीमागे धावत राहायचे, की आरंभापासून मुख्य कर्नेलमध्ये रुजवायचे, हे आताच ठरले पाहिजे. दुसरा मार्ग धरायचा तर तरुण अभियंत्यांना त्या कामाला लावावे लागेल, त्यांना तेथे वर्षानुवर्षे टिकवावे लागेल, आणि नवी प्रणाली घडविणाऱ्याइतकाच मान जुनी सांभाळणाऱ्याला द्यावा लागेल. आपल्या नोकरशाहीत शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे.

मराठी मुलखाला हा विचार परका नसावा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचे प्रकरण आहे. किल्ला कोठे आणि कसा बांधावा हे त्यात आहेच; त्याखेरीज तटात रुजलेली झाडे वरचेवर काढावीत, तटाखालचे गवत वाढू देऊ नये, पाण्याची व साठ्याची निगा राखावी, अशा बारीकसारीक गोष्टी राज्यकर्त्याला बजावून सांगितल्या आहेत. तटाच्या फटीत रुजलेले रोप पहिल्या वर्षी निरुपद्रवी दिसते. काही पावसाळ्यांनंतर तेच तट फोडते. उत्तरपत्रिकेतून गळालेली एक ओळ किंवा मुख्य प्रवाहाबाहेर राहिलेला एक ड्रायव्हर ही त्याच जातीची रोपे आहेत. कर्नेलला आपले नाव देणे एका दिवसाचे काम आहे. तो आपला आहे की नाही, हे पुढच्या आवृत्तीच्या दिवशी त्याच्यापाशी कोण बसलेले असते त्यावरून ठरेल.